जुव्यावरची मोजणी

आमच्या घरात दूरचं बघायचं कोणाला काम पडत नसे. बाबा खाणीवरचा टिपर चालवायचे, त्यांची नजर पुढच्या टिपरच्या फळीवर. आईची नजर दोरीवरच्या कपड्यांवर, कारण मये गावाच्या पुढे आमचं घर होतं ते रस्त्याला लागून आणि खाणीच्या धुळीने तासाभरात पांढरं कापड तांबडं होई. त्यामुळे कॉलेजने माझ्या हातात दुर्बीण दिली तेव्हा ती उलटी धरून मी आधी आमच्या पडवीकडे पाहिलं. घर एवढंसं, लांब गेलेलं दिसलं. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तिथे कुठलीही वस्तू हातात आली की ती कशी धरायची हे कोणाला विचारावं, हाच माझा तीन वर्षांचा अर्धा अभ्यास होता.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागे. सर म्हणाले, थंडीत येणारे किनाऱ्यावरचे पक्षी मोज, तुझं कोणी नातेवाईक पाण्याजवळ राहतं का? मी म्हणाले, मावशी पेडण्याकडे जुव्यावर राहते. खाडीतल्या लहान बेटाला आमच्याकडे जुवें म्हणतात. सरांना ते ऐकून इतका आनंद झाला की मला थोडी भीतीच वाटली. बाबा दोडामार्गाकडून पोटासाठी गोव्यात आलेले, त्यांना कुठलंही काम हाताला चिकटणारं लागे. ते म्हणाले, "पाखरां मोजूक कॉलेज कित्याक व्हया? आमच्या फणसार बस आणि मोज." मग म्हणाले, "जा. पण तुझ्यापायी मावशीक गावात बोल लागलो तर मात्र परत येऊन टिपर धू." हे त्यांनी हसत सांगितलं होतं. त्या थंडीत मला जी भीती होती ती एवढीच होती: मावशीला बोल लागेल.

जुवें एवढंसं, की उकड्या तांदळाची पेज चुलीवर ठेवून निघावं आणि ती शिजेपर्यंत बांधावरून फेरी पूर्ण व्हावी. चारी बाजूंनी मातीचा बांध, आत खाजनाची, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेली भातशेतं, बाहेर खारफुटी आणि तिच्यापुढे चिखल. खाडीचं पाणी शेतात किती घ्यायचं आणि किती सोडायचं ते ठरवणारा लाकडी दरवाजा होता, त्याला मानस म्हणतात. त्या वर्षी मानस सांभाळायचं काम गावाने माझ्या काकांकडे, म्हणजे मावशीच्या नवऱ्याकडे दिलं होतं. मावशीच्या घरात सकाळ आवाजांनीच व्हायची. आधी मानशीतून पाणी आत घुसल्याचा गडगडाट, मग पलीकडच्या काठावरून होडीतून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंगा, मग मावशीचं "सुनू, उठ गो, पाव निवले." मी पावाबरोबर बिनदुधाचा चहा घ्यायची. मग दहाच्या सुमाराला पेज, तिच्याबरोबर भाजलेला सुका खारा बांगडा आणि मिठातली तोर, म्हणजे कोवळी कैरी. आजही मला भूक लागते ती दहा वाजताच. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी डबा उघडते तेव्हा बाकीच्या बाया अजून पहिल्या चहावर असतात.

पहिल्याच सकाळी ओहोटीला मी बांधावर बसले. चिखलावर पाखरं पसरली होती. चिखल्या पळत जाऊन एकदम थांबत होते, तुतवार शेपूट हलवत होते, आणि लांब तांबड्या पायांचे शेकाटे असे चालत होते जणू त्यांना चिखल लागू द्यायचा नाही. पुस्तकात पाहिलेलं एखादं चित्र समोर हलायला लागावं तसं मला झालं. मी इतकी रमले की त्याच चिखलात कंबर वाकवून गावच्या बाया तिसऱ्यो, म्हणजे शिंपले काढताहेत याचं मला भानच राहिलं नाही. दुर्बीण डावीकडे सरकली आणि काचेत अचानक एक बाई भरून आली. ती सरळ माझ्याकडे बघत होती. तिने खोचलेला पदर आधी सोडला, मग टोपली उचलली आणि बाकीच्यांना काहीतरी म्हणाली. सगळ्या चिखलातून निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग पाखरंही उठली.

ती पार्वती, मावशीच्या शेजारची. संध्याकाळी ती पडवीपर्यंत आली, आत आली नाही. माझ्याकडे बोट करून मावशीला म्हणाली, "तुझा चेडू काय बघता गो सकाळधरना?"

"पाखरां," मावशी म्हणाली.

"पाखरां आमी पण बघतंव. असां डोळ्यांक पायप लावन कोण बघता?"

"कॉलेजात शिकता तां."

"मागच्यांनी पण तसाच सांगलेला," पार्वती म्हणाली आणि गेली.

मागचे म्हणजे कोण ते मला मावशीने त्या दिवशी सांगितलं नाही. काकांनी सांगितलं, तेही मानशीचा दोर ओढता ओढता, माझ्याकडे न बघता. आदल्या वर्षी तीन माणसं तिपाई आणि यंत्र घेऊन आली होती. खाडीच्या पाण्याची खोली मोजतो म्हणाली. कोणाच्या घरी जेवली? काकांच्या. मावशीने त्यांना शीत-कढी आणि खाडीतले तळलेले शेवटे मासे वाढले. पुढे पावसाळ्यात पलीकडच्या बाजारात बातमी आली की जुव्यावर मोठ्या बोटींचा धक्का आणि त्याच्यामागे हॉटेल होणार आहे, आणि कागदावर मोजणी झालेली आहे. कोणाची मोजणी, कोणी केली, कोणालाच माहीत नव्हतं. फक्त ती माणसं कोणाच्या पानावर जेवली हे सगळ्यांना माहीत होतं. "आणि आता तू इलंस," काका म्हणाले. त्यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं ते म्हणाले.

त्यानंतर मी बघायला बसले की माझ्या पाठीवर कोणाची तरी नजर असायची. मी पाखरांकडे बघत असे, गाव माझ्याकडे बघे. बांधावरून कोणी माणूस येई, माझ्यापासून चार हात लांब उकिडवा बसे, विडी संपेपर्यंत माझी दुर्बीण कुठल्या दिशेला वळते ते पाही आणि उठून जाई. शेतांकडे वळली की खाकरे. मी मग वळवतच नसे. शेतात राखी बगळे असले तरी ते मी नुसत्या डोळ्यांनीच बघे. होडीत मी बसले की बोलणं थांबायचं. बाबलभाऊ म्हणून गावातले वडीलधारे होते, त्यांचं वाक्य मी होडीत पाठ फिरवलेली असताना ऐकलं: "पूर्वी जमीन खावपी दांडगे येयत. आता लहान चेडवां धाडतत. बरां दिसता."

मावशीच्या घरातही मला फरक कळला, पण वाट्यांवरून. आमच्याकडे शेजारी काही दिलं की वाटी परत येते ती रिकामी येत नाही. दोन मिरच्या, गुळाचा खडा, काहीतरी घालूनच देतात. मावशीने खीर केली त्या दिवशी पार्वतीकडे पाठवली. वाटी घासून, पुसून, रिकामी परत आली. मावशीने ती हातात घेतली आणि उगाचच परत धुतली. मी विचारलं तर म्हणाली, "घाईत असतली ती." पुढच्या आठवड्यात आणखी दोन घरांच्या वाट्या तशाच आल्या.

मग मलाही शंका यायला लागल्या. सरांना एवढा आनंद का झाला होता? हेच बेट का? मी पलीकडे जाऊन दुकानातून त्यांना फोन लावला आणि अडखळत विचारलं की हा प्रकल्प कोणी सांगितला, ह्या आकड्यांचं पुढे काय होतं? ते म्हणाले, "अगं, वरून सगळ्या कॉलेजांना आलंय. तू आकडे आण, कुठे द्यायचे ते मी बघतो." त्यात तसं काही वावगं नव्हतं. पण जुव्यावर राहून माझे कान असे झाले होते की 'वरून' हा शब्द मला रात्रभर टोचला. सर भले होते की भोळे होते की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही. आज मी स्वतः मुलांना प्रकल्प देते, आणि वरून आलेले कागद पुढे पाठवताना कधी कधी हात थांबतो. तरी त्यांच्याबद्दल मला अजून नक्की सांगता येत नाही.

एका सकाळी बाबलभाऊ स्वतः पडवीत आले. मावशीने पाट दिला, ते बसले नाहीत. काकांना म्हणाले, "गाव म्हणता, देवाक विचारूया. तुझा चेडू खरा तर बरां. नाय तर तेका आज होडयेत घाल. आणि मानशीचा काय तां मागीर बघूया." म्हणजे काकांची मानसही जाणार होती. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "न्हाव आणि धुतलेला नेस. देवळात जावचा आसा."

मला शिकवलेलं विज्ञान आणि जुव्यावरचा रवळनाथ यांचं एकमेकांशी काय नातं आहे हे मला त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता तरी कुठे येतं. मी फक्त घाबरले होते. देऊळ लहान, कौलारू. कौल लावायचा म्हणजे गुरव देवाच्या पाषाणाला फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे, आणि प्रश्न घालून सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मंडपात घरटी एक माणूस आणि खांबांच्या मागे बाया होत्या. पार्वतीही होती. प्रश्न काय घालायचा यावरच पहिला वाद झाला.

"हेका कोणी धाडला तां विचारा," बाबलभाऊ म्हणाले.

गुरव पाकळ्या भिजवत होता. म्हणाला, "भाऊ, देव नावां सांगणा नाय. होय काय नाय इतक्याच सांगता. तुमका नाव व्हया तर पंचायतीत विचारा."

"पंचायत तरी खंय सांगता?" मागून कोणीतरी म्हणालं आणि त्या ताणातही दोघे-तिघे हसले.

"मग धक्को होतलो काय नाय तां विचारा," बाबलभाऊ म्हणाले.

"तां हेच्या चेडवाचा न्हय. एका येळाक एकच गजाल," गुरव म्हणाला.

शेवटी गुरवानेच प्रश्न बांधला आणि उभा राहून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा. हां चेडू परगावचा, पण आमच्या घरच्या नात्याचा. हां पाखरां बघता म्हणता. ह्या चेडवाचा बघणा खरा आसा, बघता तसाच सांगता, तर उजवो दी, म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले, उशिरा.

मग काहीच झालं नाही. पाकळ्या चिकटून राहिल्या. समईची वात एकदा सारावी लागली. मला वाटत होतं की मी खरी आहे का, हे मला स्वतःलाच नीट माहीत नाही. थव्यातले मोजताना मी कधी अंदाज धरला होता, दहा म्हणजे एक मूठ धरून पुढच्या मुठी मोजल्या होत्या. पुस्तकात तसं करा असं लिहिलेलं होतं, पण देवाला ते कसं सांगणार? खांबामागे मावशी दिसत होती. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते आणि ती पाषाणाकडे नाही, काकांकडे बघत होती. आणि मग उजवीकडची एक पाकळी जरा सरकली, थांबली, आणि खाली पडली. तिचा आवाज झाला असं मला आजही वाटतं. ओल्या पाकळीचा कसला आवाज होणार.

बाबलभाऊंनी हात जोडले. पायात चपला सरकवून जाताना ते माझ्यासमोर थांबले. "देवान सांगला," म्हणाले. बस, एवढंच. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांना बरं वाटलं की वाईट हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं, आणि इतकं की मला पहिलंच बरं वाटू लागलं. पोदेराने माझ्यासाठी म्हणून दोन पाव जास्त ठेवले. पार्वतीने मला हाताला धरून नेलं आणि भरतीला पाखरं कुठे टेकतात ती वाळूची पट्टी दाखवली. तिथे सुरय आणि कुरव इतके बसले होते की पट्टी पांढरी दिसत होती. तिच्या मागोमाग सगळेच यायला लागले. "आमच्या कुणग्यात पण पाखरां येतत, ती घातलंस?" "काल चार इल्ली." "चार खंय, धा." रोज सकाळी मावशीच्या पडवीत कोणी ना कोणी आदल्या दिवशीची पाखरं घेऊन हजर. मी आधी खूश झाले. मग माझ्या लक्षात आलं की प्रत्येक घराच्या शेतात सारखीच पाखरं यायला लागली आहेत, आणि ज्याचं शेत धक्क्याच्या जागेजवळ त्याच्याकडे जरा जास्त. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. कोणी काही सांगितलं की मी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप स्वतः जाऊन बघायची. त्यांना ते कळत होतं. ते मला दिसायचं आणि वाईट वाटायचं.

प्रकल्प संपत आला तेव्हा एका दुपारी जेवणं झाल्यावर काका माझ्याजवळ येऊन बसले. ते कधी असे बसत नसत. बाहेर बाबलभाऊ आणि आणखी दोघे पडवीच्या पायरीवर टेकले होते, म्हणजे हे काकांचं एकट्याचं नव्हतं. काका म्हणाले, "सुनू, त्या बाजूक कासवां अंडी घालतत म्हणान तो किनारो सुटलो. थंय कोणाक काय बांधूक गावणा नाय. आमच्याकडे कासव नाय. पण तो मोठो गरूड, समुद्राचो, तो भायर फिरता नि कधी कधी हंय येता. तेचा घरटा आमच्या सुरूच्या झाडार आसा असां लिहिलंस तर?"

"घरटं नाहीये काका."

"येता तर खंय तरी बसतलोच मा."

"बसतो. पण घरटं नाही. मी सगळी सुरू बघितली आहेत."

"एक घरटा," बाबलभाऊ पायरीवरून म्हणाले. "शंभर पाखरां लिहितंस, तेतूर एक घरटा. कोणाचा काय बिघडता?"

खरं सांगायचं तर मला ते लिहावंसंही वाटत होतं. ह्या घराचं मी जेवले होते, ह्या माणसांनी आता मला आपलं म्हटलं होतं, आणि ती तिपाईवाली माणसं खोटं बोलूनच सगळं घेऊन गेली होती. मी नुसतं म्हणाले, "मी दिसतं तेवढंच लिहीन." माझा आवाज इतका बारीक आला की बाबलभाऊंनी "काय म्हणता?" विचारलं. काकांनीच ते त्यांना परत सांगितलं.

"मग परत कौल लावया," ते म्हणाले. "देवाक विचारूया, गावासाठी एक घरटा लिहूचा काय नाय."

मावशी आत भांडी पालथी घालत होती. ती ओल्या हातांनी दारात आली. बाबलभाऊंसमोर ती कधी बोलत नसे. "विचारा," ती म्हणाली. "पण आधी देवाक सांगा, मागचो कौल आमी परत घेतंव म्हणान. चेडवाचा बघणा खरा, बघता तसाच सांगता, म्हणान तेणा उजवो दिलो. तुमीच विचारलास, भाऊ. तो उजवो आसा तोवर हेच्या डोळ्यांक नसलेला घरटा दिसाचा कसां?"

पायरीवरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले. कौल परत घेता येत नाही हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाबलभाऊंनी अंगणातल्या माडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या बायलेक वकील करूक व्हयो होतो," आणि ते काकांकडे न बघता उठून गेले. काकांनी त्या दिवशी माझ्याशी आणि मावशीशी, दोघींशी बोलणं टाकलं. रात्रीची पेज त्यांनी पाठ करून खाल्ली.

तो धक्का पुढे झाला नाही. माझ्या आकड्यांमुळे झाला नाही असं मला म्हणता येत नाही, आणि त्यांचा काहीच संबंध नव्हता असंही नाही. अजून दर दोन-तीन वर्षांनी पेपरात त्याची बातमी येते आणि मावशीचा फोन येतो. सरांनी ते आकडे कुठे दिले हेही मला कधी समजलं नाही.

पण त्यानंतरची शेवटची मोजणी मला आठवते. मी पहाटे बांधावर गेले तेव्हा काका आधीच मानशीवर बसले होते. मी माझ्या जागी बसले. थोड्या वेळाने ते उठून आले आणि दुर्बिणीसाठी हात पुढे केला. मी दुर्बीण दिली. त्यांनी ती सरळ धरली, चिखलाकडे लावली आणि ओठ हलवत मोजायला लागले. मी मोजलेला आकडा त्यांनी विचारला, मी सांगितला. ते म्हणाले, "दोन सोडलंस."

"कुठे?"

"थंय, खारफुटीच्या मुळार. दोन बसलेले आसत, बगळे."

मी पाहिलं. दोन करडे, स्थिर आकार होते. "ते दगड आहेत, काका."

"दगड? हंय जल्माक येवन मी दगड वळखूचंय नाय?"

"मग थांबूया," मी म्हणाले.

आम्ही थांबलो. पाणी चढत होतं. चिखल्या आधी उठले, मग शेकाटे, एकेक करून सगळा चिखल रिकामा झाला. मुळांना पाणी लागलं. ते दोन आकार तसेच. काका दुर्बीण खाली ठेवत नव्हते, मध्ये एकदा त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. पाणी आणखी चढलं आणि दोघांतला एक मान लांब करून उभा राहिला, पंख उघडले आणि शेतांच्या दिशेने उडून गेला. दुसऱ्यावरून पाणी गेलं.

काका तिकडे बघतच राहिले, तिथे आता नुसतं पाणी होतं तरी.

"एक लिही," ते म्हणाले.